अमरावतीचे विश्राम बेडेकर आणि त्यांचें ‘रणांगण’

मनुष्याच्या हातून घडलेली चूक आणि ती जेथें घडली तें ठिकाण यांचें नातें मोठें विलक्षण असतें. चुकीचा विसर पाडण्याचा प्रयत्न मनुष्य पुष्कळ करतो; परंतु ती जागा त्यास विसरूं देत नाहीं. ज्या विहिरीच्या कांठीं, ज्या देवळाच्या पायरीवर किंवा ज्या रस्त्याच्या वळणावर आपण कोणाला दुखविलें, तेथून पुन्हां जातांना पाऊल आपोआप जड होतें. हें जाणणारे कादंबरीकार एकच स्थळ पुन्हां पुन्हां वाचकांसमोर आणतात, तें केवळ वर्णनाच्या हौसेनें नव्हे. अमेरिकेंतील हॉथॉर्न या ग्रंथकाराच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५० सालच्या कादंबरींत, अपराध्यास लोकांसमोर उभें करण्याचा बोस्टन गांवांतील चौथरा तीन वेळां येतो. पहिल्या वेळीं त्यावर एक स्त्री तान्ह्या मुलीला घेऊन भर दिवसा उभी असते. दुसऱ्या वेळीं तिच्या अपराधांतील भागीदार रात्रीच्या अंधारांत चोरून तेथें चढतो. आणि तिसऱ्या वेळीं तोच मनुष्य सर्वांसमक्ष आपलें पाप कबूल करून तेथेंच प्राण सोडतो. चौथरा एकच, परंतु लोकांनीं दिलेली शिक्षा, मनानें दिलेली शिक्षा आणि कबुलीनें मिळालेली सुटका अशीं तीन रूपें तो धारण करतो.

आपल्या मराठींत अशी कादंबरी कोणती, असें कोणी विचारल्यास आम्ही १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘रणांगण’ या कादंबरीचें नांव घेऊं. तिचे कर्ते कै. विश्राम बेडेकर हे आमच्या अमरावतीचे. त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगावें आणि त्यांच्या कादंबरींतील आगबोटीचा अर्थ यथामति उलगडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बेडेकरांचें पूर्ण नांव विश्वनाथ चिंतामण बेडेकर. त्यांचा जन्म अमरावती येथें १३ ऑगस्ट १९०६ रोजीं झाला. त्या काळची अमरावती म्हणजे कापसाची मोठी पेठ हें खरें. परंतु ती तेवढीच नव्हती. १८९७ सालचें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन येथें भरलें होतें. लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचें वास्तव्य येथेंच होतें. पुढें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें कीर्तीस चढलेल्या संस्थेचा उगम १९१४ सालीं येथेंच झाला. शेजारच्या अकोल्यास १९१२ सालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें आणि त्याचें अध्यक्षस्थान हरि नारायण आपटे यांनीं भूषविलें; त्या वेळीं बेडेकर अवघे सहा वर्षांचे होते. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी यांचें ‘रणदुंदुभि’ हें नाटक १९२७ सालीं ‘बलवंत संगीत मंडळी’नें रंगभूमीवर आणलें. देशाची चिंता आणि नाटकाचा नाद हीं दोन्हीं त्या काळीं वऱ्हाडांत एकाच पंक्तीला बसत असत. अशा हवेंत वाढलेला तरुण नाटकाकडे वळला, यांत नवल तें काय?

‘ब्रह्मकुमारी’ हें बेडेकरांचें नाटक १९३३ सालीं रंगभूमीवर आलें. तें करणारी मंडळीही ‘बलवंत’च, आणि तिचे धुरीण मास्टर दीनानाथ. या नाटकाचा विषय अहल्येची कथा. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. अहल्या म्हणजे अपराधाच्या शापानें शिळा झालेली स्त्री. जेथें चूक घडली त्याच आश्रमांत तिला युगानुयुगें पडून राहावें लागलें, आणि उद्धारही त्याच जागीं झाला. म्हणजे बेडेकरांच्या लेखणीनें आरंभींच जो विषय हातीं घेतला तो अपराधाचा, आणि अपराधाला धरून बसलेल्या स्थळाचा होता.

बोलपटाचें युग नुकतेंच सुरू झालें होतें आणि नाटकमंडळ्या एकामागून एक मोडकळीस येत होत्या. ‘बलवंत’नेंही नाटक सोडून चित्रपटाची कांस धरली. १९३४ सालच्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ या तिच्या बोलपटाचें दिग्दर्शन बेडेकरांनीं चिंतामणराव कोल्हटकर यांच्यासमवेत केलें. ही कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. एका गंधर्वाचा वध करण्याची प्रतिज्ञा श्रीकृष्ण करतो. तो गंधर्व प्राणभयानें आश्रय शोधीत फिरतो. आणि अर्जुन त्यास अभय देतो. शरण आलेल्याला दिलेलें वचन पाळण्यासाठीं अर्जुन आपल्या प्राणसख्याविरुद्धही धनुष्य उचलतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९३८ हें वर्ष बेडेकरांच्या आयुष्यांत महत्त्वाचें ठरलें. ‘कळ्यांचे निःश्वास’ हें पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें लिहून १९३३ सालीं महाराष्ट्रांत खळबळ उडविणाऱ्या बाळूताई खरे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्याच पुढें मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमारास चित्रपटविद्येचा अभ्यास करण्यासाठीं बेडेकर विलायतेस गेले. परतीच्या प्रवासांत त्यांस जर्मनींतून परागंदा झालेल्या ज्यू लोकांचा सहवास घडला, आणि ‘रणांगण’चें बीज पडलें.

त्या वेळीं युरोपांत काय चाललें होतें, हें थोडें सांगितलें पाहिजे. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं जर्मनीची सत्ता आली. १९३५ च्या कायद्यांनीं तेथील ज्यूंचें नागरिकत्व हिरावून घेतलें. नोव्हेंबर १९३८ मध्यें एका रात्रींत त्यांचीं शेंकडों प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं आणि हजारों दुकानें फोडण्यांत आलीं. या लोकांनीं जावें तरी कोठें? जुलै १९३८ मध्यें फ्रान्समधील एव्हियां येथें ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधि याच प्रश्नासाठीं जमले. सहानुभूतीचे शब्द पुष्कळ बोलले गेले, पण दार उघडण्यास बहुतेकांनीं नकार दिला. मे १९३९ मध्यें ‘सेंट लुई’ नांवाची आगबोट ९०० हून अधिक निर्वासित घेऊन अटलांटिकपार गेली. क्यूबानें थोडक्यांना उतरून घेतलें, अमेरिकेनें कोणालाच घेतलें नाहीं, आणि बोट युरोपांत परतली. तिच्यांतील अडीचशेंहून अधिक माणसें पुढें नाझींच्या संहारांत नाहींशीं झालीं. परवान्यावांचून पाय ठेवतां येईल असें चीनमधील शांघाय हें एक बंदर तेवढें उरलें होतें, आणि तिकडे जाणाऱ्या बोटी सुएझच्या कालव्यांतून आपल्या मुंबईवरून जात असत. म्हणून जगांतील एवढा मोठा अन्याय मुंबईच्या धक्क्याला लागत होता आणि पुढें निघून जात होता.

‘रणांगण’ची कथा तशी लहानशीच आहे. चक्रधर विध्वंस नांवाचा मराठी तरुण युरोपांतून हिंदुस्थानास परत येत आहे. पूर्वीच्या एका प्रेमभंगानें त्याचें मन कडवट झालें असून स्त्रीजातीवरचा त्याचा विश्वास उडाला आहे. त्याच बोटीवर जर्मन ज्यू निर्वासितांचा तांडा आहे आणि त्यांत हॅर्टा नांवाची तरुणी आहे. तिच्याही मागें एक उद्ध्वस्त प्रेम आहे. भेद इतकाच कीं, तिचें प्रेम माणसाच्या बेइमानीनें नव्हे तर राजसत्तेच्या क्रौर्यानें मोडलें आहे. थोड्याच दिवसांच्या प्रवासांत या दोघांमध्यें उत्कट प्रेम जडतें. मुंबई येते. चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरण्याची मोकळीक नाहीं. बोट पूर्वेकडे निघून जाते. मागाहून तिच्या प्रेमाची साक्ष चक्रधराच्या हातीं येते, आणि तिनें समुद्रांत देह टाकल्याची वार्ताही येते. कथा येथें संपते. परंतु वाचकाच्या मनांत ती येथेंच सुरू होते.

आतां त्या आगबोटीचा विचार करूं. आरंभापासून अखेरपर्यंत कथा बहुतांशीं या बोटीवरच घडते. वाचक कितीही पानें उलटो, पायांखालीं तेंच डेक, समोर तोच कठडा आणि पलीकडे तोच समुद्र. प्रथम ही बोट म्हणजे जगाची लहानशी प्रतिमा आहे असें वाटतें. हिंदु, मुसलमान, जर्मन, ज्यू, तरुण, वृद्ध आणि अजाण बालक असे सर्व एकाच लांकडी जमिनीवर वावरतात. जमिनीवर ज्या भिंतींनीं हीं माणसें एकमेकांपासून वेगळीं झालीं असतीं, त्या भिंती पाण्यावर टिकत नाहींत. हॅर्टाला देश नाहीं, आणि तितके दिवस बोटीवरील कोणालाच देश नाहीं. म्हणूनच तेथें दोन परकीं माणसें एकमेकांचीं होऊं शकतात.

परंतु बोट चालत असते, आणि तिच्या गतींतच शोकाचें मूळ आहे. समुद्रावर असेपर्यंत डेक ही प्रेमाची भूमि. बंदर दिसूं लागतांच तेंच डेक तुरुंगाचें अंगण होतें. कालपर्यंत ज्या कठड्याला टेकून दोघें लाटा पाहत होतीं, तोच आज एकाला उतरूं देणारा आणि दुसरीला अडविणारा गज बनतो. कठडा बदललेला नाहीं. त्याच्या पलीकडे आतां किनारा आला आहे, एवढेंच. बंदर म्हणजे एरवीं प्रवाशाच्या सुखाचें ठिकाण. हॅर्टाला प्रत्येक बंदर म्हणजे पुन्हां एकदां ऐकलेला नकार. आणि ज्या पाण्यानें दोघांस जवळ आणलें, त्याच पाण्यांत अखेरीस ती नाहींशी होते. डेक, कठडा आणि समुद्र हीं तीन स्थळें हॉथॉर्नच्या चौथऱ्यासारखीं वारंवार येतात, आणि दर वेळीं त्यांचा अर्थ अधिक काळा होत जातो.

कादंबरीचें नांव मात्र ‘बोट’ नसून ‘रणांगण’ आहे. सबंध कथेंत तोफ कोठें उडत नाहीं. महायुद्ध अद्याप पेटावयाचें आहे. तरी हें रणांगणच, असें लेखक सुचवितो. कारण युद्ध सुरू होण्यापूर्वींच त्यांतील पहिलीं माणसें मारलीं गेलेलीं असतात. नायकाचें नांवही सहज ठेवलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. चक्रधर म्हणजे श्रीकृष्ण. भारतीय युद्धांत शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करून तो रणांगणावर उभा राहिला होता. हा आधुनिक चक्रधरही हातीं कांहीं न धरतां उभा आहे. पण श्रीकृष्ण निदान रथ तरी हांकीत होता! आणि आडनांव तर विध्वंस. येथें १९३४ सालचा तो बोलपट आठवावा. त्यांतील शरणागतासाठीं अर्जुन देवाशीं लढला. पांच वर्षांनीं त्याच लेखकानें शरणागताची दुसरी कथा सांगितली, आणि तींत अर्जुनच नाहीं. पुराणांतील अभयवचन विसाव्या शतकाच्या बोटीवर कोणी उच्चारीत नाहीं. ही उणीवच या कादंबरीचा गाभा आहे.

आतां मुख्य प्रश्न. चक्रधराचा अपराध तो कोणता? ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हां आम्ही त्यास निर्दोष ठरवून मोकळे झालों होतों. कायदा त्यानें केला नव्हता. बंदराचे हुकूम त्यानें सोडले नव्हते. एकट्या तरुणानें साम्राज्याच्या दारावर धडका मारून काय होणार होतें? हा युक्तिवाद आजही खोटा म्हणतां येणार नाहीं. परंतु तो पुरा पडत नाहीं, हें आम्हांस दुसऱ्यांदा वाचतांना कळलें, आणि तें कळण्यास आमच्याच बाळपणींची एक आठवण कारण झाली.

आम्ही लहान असतांना आमच्या वर्गांत वर्षाच्या मध्यावर एक नवा मुलगा आला. त्याचे वडील एका जिनिंगमध्यें कामास लागले होते. अंगावरचे कपडे त्याच्या मापाचे नव्हते. मास्तरांनीं याला जागा कोण देतो, असें विचारलें. आमच्या बांकावर एका मुलाची जागा रिकामी होती. आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. फक्त पुस्तकांत डोळे घातले. तो दाराजवळ जमिनीवर बसला. पंधरा दिवसांनीं तो येईनासा झाला, आणि कोणी चौकशीही केली नाहीं. त्याच्या जाण्याला आमचा बांकच कारण होता, असें कोण म्हणेल? अन्य कारणें पुष्कळ असतील. परंतु त्या दारांतून बाहेर पडतांना आमचें लक्ष कित्येक दिवस त्या फरशीकडे जात असे. चक्रधराचा अपराध या जातीचा आहे. त्यानें वाईट असें कांहीं केलें नाहीं. जें करून पाहतां आलें असतें तें पुरतेपणीं करून पाहिलें नाहीं, आणि आपण खाली उतरलों. कायद्यानें अशा अपराधाला शिक्षा नाहीं, म्हणूनच त्याला क्षमाही नाहीं. हॉथॉर्नच्या अपराध्याला चौथरा तरी मिळाला. चक्रधराला कबुलीसाठीं जागाच नाहीं, कारण ज्या डेकवर ती द्यावयाची तें समुद्रांत दूर निघून गेलें आहे. उरली ती केवळ सांगण्याची कथा. ही कादंबरी नायकाच्या स्वतःच्या तोंडून सांगितलेली आहे, याचें मर्म आम्हांस येथें दिसतें.

बेडेकरांनीं कादंबरी अशी ही एकच लिहिली. तथापि तिच्यांतील विषयानें त्यांचा पिच्छा जन्मभर सोडला नाहीं. ‘प्रभात’च्या ‘शेजारी’ (१९४१) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटाची कथा बेडेकरांची. दोन जिवलग शेजारी, एक हिंदु व एक मुसलमान. स्वार्थी माणसें त्यांच्यांत वितुष्ट पाडतात, आणि फुटत्या धरणावर, मृत्यूच्या क्षणीं, ते पुन्हां एकमेकांचे हात धरतात. पाण्याच्या कांठावरची ही उशिरा आलेली समेट पाहून ज्यास ‘रणांगण’ची आठवण होणार नाहीं असा वाचक विरळा. यांत मिर्झाची भूमिका करणारे गजानन जागीरदार हेही जन्मानें अमरावतीचेच, हा योगायोग वऱ्हाडच्या वाचकांस सुखवील. पुढें ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शनांत जागीरदार व राजा नेने यांच्याबरोबर बेडेकरांचाही भाग होता. १७७३ सालीं झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष प्रत्यक्ष सत्ताधीशाच्या माथीं ठेवणाऱ्या न्यायाधीशाची ती कथा. १९६३ सालीं त्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘रुस्तम सोहराब’ या हिंदी चित्रपटांत बाप आपल्या मुलाला न ओळखतां त्याचा वध करतो, तोही रणांगणावरच. आणि १९६१ सालच्या त्यांच्या नाटकाचें नांव ‘नरो वा कुंजरो वा’. कुरुक्षेत्रावर धर्मराजानें उच्चारलेल्या अर्ध्या सत्याची खूण त्या नांवांतच आहे. नाटकाचा रंगमंच असो वा चित्रपटाचा पडदा, बेडेकरांचें पाऊल फिरून फिरून त्याच भूमीवर येतें, जेथें लढाई संपते आणि मनाची टोंचणी सुरू होते.

त्यांच्या वृद्धपणींचें ‘टिळक आणि आगरकर’ (१९८०) हें नाटक आम्हां वऱ्हाडवासीयांस विशेष जवळचें. गोपाळ गणेश आगरकर हे विद्यार्थिदशेंत अकोल्यास राहून शिकले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरु त्यांस तेथेंच लाभले. पुढें पुण्यास टिळकांशीं जडलेला जीवश्चकंठश्च स्नेह आणि मतभेदानें झालेली फारकत हा महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक दुःखद अध्याय आहे. १८९५ सालीं आगरकर अवघ्या ३८ व्या वर्षीं वारले, आणि मागें राहिलेल्या मित्राला जें बोलावयाचें होतें तें ऐकणारा उरला नाहीं. दोन्हीं माणसें थोर, दोघांचेंही म्हणणें आपापल्या परी खरें, तरीही हानि व्हावयाची ती झालीच. असा विषय बेडेकरांनीं हातीं घ्यावा, हें त्यांच्या स्वभावाला धरूनच होतें.

१९८४ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘एक झाड आणि दोन पक्षी’. हें रूपक उपनिषदांतलें आहे. एकाच झाडावर दोन पक्षी बसलेले असतात. एक फळें खातो, दुसरा न खातां नुसता पाहत असतो. या ग्रंथास १९८५ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९८६ सालीं मुंबईच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद देऊन महाराष्ट्रानें त्यांचा गौरव केला. १९९८ सालीं ते निवर्तले. बांण्णव वर्षांच्या त्या आयुष्याचें सार आम्हांस त्या पाहणाऱ्या पक्ष्यांत सांपडतें. चक्रधर बोटीवर वागतो तो पहिला पक्षी. त्याचें वागणें नंतर पाहत बसणारा आणि त्याला झोंप येऊं न देणारा तो दुसरा. प्रत्येक मनुष्याच्या झाडावर हा दुसरा पक्षी असतोच. बहुतेकजण त्याच्याकडे पाहण्याचें टाळतात. बेडेकरांनीं त्याला नांव, गांव आणि एक आगबोट दिली.

विद्यार्थिमित्रांनो, आपण वऱ्हाडचे लोक समुद्रापासून शेंकडों मैल दूर. आपल्याकडे बोटी येत नाहींत. तथापि निराश्रितांचे तांडे जगांतून गेले नाहींत; आजही माणसें मोडक्या नावांतून समुद्र ओलांडीत आहेत आणि किनारे त्यांस नाहीं म्हणत आहेत. त्यांच्यासाठीं आपल्या हातून काय होईल, हें आज सांगतां येत नाहीं. परंतु प्रत्येक वर्गांत एक दार असतें, आणि प्रत्येक बांकावर थोडें सरकलें तर एकाची जागा निघते. ‘रणांगण’ वाचून मिटल्यावर जर आपण तेवढें सरकलों, तर अमरावतीच्या या सुपुत्राचें ऋण थोडें तरी फिटेल. आमच्याकडून तें वेळेवर झालें नाहीं, म्हणून हें लिहिलें.